शिवेवरची लांब लेन्स

लाटंबार्सेच्या दत्तप्रसादाला गावात दत्तू म्हणतात. डिचोली-म्हापसा बसवर कंडक्टर, आणि सुट्टी पडली रे पडली की गळ्यात कॅमेरा. एरवी माणूस गरीब गाय. पण फोटोवरून बोला, की शिंग उगारलंच म्हणून समजा.

आणि या फोटोवाल्याकडे स्वतःच्या बापाचा एक धड फोटो नव्हता. शिगम्यात, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणात, घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा बांधायचा, डोक्याला मुंडासं, हातात तलवार, आणि ढोलाच्या तालावर अनवाणी गावच्या शिवेपर्यंत दौडत जायचं. एक घोडा दत्तूच्या घरचा. वडील कृष्णनाथ तो जन्मभर नाचवत आले. देवळापासून घोडे सुटले की गावाला दिसते नुसती पाठ. शिवेवर वळून गिरकी घेतात तेव्हा चेहऱ्यावर जे तेज चढतं ते खरं, पण घोड्यांच्या पुढे जाऊन उभं राहायची रीत नाही. परतताना सगळे मुंडाशी काढून, दमून, सावकाश चालत येतात. दत्तूच्या छोट्या लेन्समध्ये शिवेवरचा बाप तांदळाच्या दाण्याएवढा यायचा.

यंदा कृष्णनाथ म्हणाले, "गुडघे बोलूंक लागले. ह्यो शेवटचो घोडो." पुढे तो पुतण्या प्रवीण नाचवणार, असं सगळ्यांनीच धरलं होतं. दत्तूचा हात कॅमेऱ्यातून सुटायचा कधी? दत्तूला मात्र एकच कळलं. तो चेहरा यंदा नाही मिळाला तर कधीच नाही.

म्हापशाच्या कॅमेऱ्याच्या दुकानात मालक गोकुळदासाने काउंटरवर दोन लेन्स मांडल्या. मागे कपाटात एक पांढरी, भली दांडगी होती. ती नुसती बघायची, खिशाला विचारायचं नाही. "ही अठरा-दोनशे. प्रवासाला एकच पुरे, देऊळ पण येतं, बायको पण येते. पण धावणारं काही असलं की धापा टाकते. ही सत्तर-तीनशे, वापरलेली. लांबचं ओढते, फोकस पटकन धरते. पण दीड मीटरच्या आतलं हिला दिसत नाही. स्वस्तात सगळं एका लेन्सीत मागशील तर बाबा, ते देवाकडेच माग."

सिद्धी म्हणजे दत्तूची बायको. तिला केरळच्या सहलीसाठी पहिली हवी होती. "ही लांबची घेऊन सहलीला काय माझ्या नाकातली चमकी टिपणार आहात?"

दत्तू खरंच देवाकडे गेला! देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली की होकार. लोक सोयरिकीला, घर बांधायला असा प्रसाद, म्हणजे कौल, घेतात, याने लेन्सीला घेतला. पुजाऱ्याला हसू आवरेना. पण पाकळी पडली ती उजवी, आणि सत्तर-तीनशे घरी आली.

आई सत्यवती भाकरी थापता थापता म्हणाली, "देवाक इचारलंस. बापाशीक इचारलंस काय?"

"बाबांना लेन्समधलं काय कळतंय?"

आईने कपाळावर हात मारून घेतला, पीठ लागलं तरी.

शिगम्याच्या दिवशी दत्तू देवळासमोर लोकांच्या पुढे चपला काढून उभा राहिला, शेजारी सिद्धी. ढोल घुमले, घोडे सुटले, धूळ उडाली. शिवेवर कृष्णनाथ वळले आणि दत्तूच्या भिंगात बापाचा चेहरा आला. घामाने निथळलेला, लख्ख. आता गिरकी घेतील, आता! दत्तूने श्वास धरला.

गिरकी आलीच नाही. म्हातारा सरळ त्याच्याच दिशेने दौडत सुटला. चेहरा वाढत वाढत भिंगात मावेना, मग सगळं धूसर. लेन्स घरघरत राहिली. दत्तूने कॅमेरा खाली घेतला, तर बाप हातभर अंतरावर, धापा टाकत कमरेची गाठ सोडतोय.

"कॅमेरो सिद्धीकडे दी. घोडो धर."

"पण बाबा, प्रवीण..."

"प्रवीण नाचता बरो. पण इतकी वर्सां तू माका बघित रवलंस. आता माका तुका बघूंक दी."

दत्तूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्याच्या डोक्यावर मुंडासं चढलं, ते बापाच्या घामाने ओलं होतं. आपल्याला नाचता येत नाही असं तो म्हणणार होता, पण पाय कधीच सुरू झाले होते. इतकी वर्षं भिंगातून ती पावलंच तर बघितली होती. शिवेवरची राहिलेली गिरकी त्याने घेतली.

इकडे सिद्धीला त्या लेन्सीत काही दिसेना. मागे सर, मागे सर करत ती पार देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेली आणि घोडे चालत परतेपर्यंत बटण दाबत राहिली.

पुढे दत्तूने सिद्धीने काढलेला त्यातला एक फोटो गोकुळदासाला दाखवला. पुढ्यात हातात काढून धरलेलं मुंडासं, तलवार, घोडा, सगळं पुसट. गोकुळदासाने चष्मा वर केला. "फोकस चुकला रे. माणूस हललाय."

"तो मी," दत्तू म्हणाला. "मागे बघ."

मागे कृष्णनाथ उभे होते, रिकाम्या कमरेवर हात ठेवून, एक पाय ठेक्यावर उचललेला. शिवेवरचं सगळं तेज चेहऱ्यावर होतं, आणि ते लेकाकडे बघत होते.