गाळणीवरची आग

साखरेच्या रेणूच्या वलयात ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन बसवला, की शरीरातली विकरं फसतात. त्या रेणूला साखरच समजतात. असा एक नकली रेणू बनवण्यात पनवेलच्या आमच्या कॉलेजात माझे सात महिने गेले होते.

शेवटच्या पायरीत पॅलॅडियम लावलेली कोळशाची काळी भुकटी वापरली होती. आता ती गाळून काढायची होती. माझ्या मार्गदर्शक सरांनी कितीदा तरी बजावलं होतं, "गाळताना भुकटी ओली ठेव. कोरडी पडली, तर मिथेनॉलच्या वाफेने पेट घेईल."

तेवढ्यात आईचा मेसेज आला. मी वाचायला वळले. अर्धं मिनिट, फार तर.

परत पाहिलं तर गाळणीच्या कडेला लाल ठिणग्या. ज्योत दिसतही नव्हती, नुसती वरची हवा थरथरत होती. शेजारी मिथेनॉलची बाटली उघडीच. पण माझी नजर खालच्या फ्लास्कवर होती, माझं सगळं काम त्यात होतं. मी हात घातला.

"हात काडा!"

आमचे लॅब अटेंडंट काका जवळच्या गव्हाण गावाहून यायचे. त्यांनी मला कोपराला धरून मागे ओढलं, बाटली उचलून लांब ठेवली, गाळणीतून हवा ओढणारा पंप बंद केला आणि चिनी मातीची बशी गाळणीवर उपडी घातली. ठिणग्या विझल्या. काकांची दोन बोटं मात्र भाजली होती.

बोटं नळाखाली धरून ते म्हणाले, "मॅडम, वहीत लिवू नका. मना काय नाय झालं."

"पण का?"

"आमी कंत्राटावर हाव. चूक कुनाची बी असो, नाव आमचंच येतं."

मला सुटकाच दिसली. कोणी पाहिलं नव्हतं. प्रयोगाची वही उघडून मी तारीख टाकली. मग लिहिलं: भुकटी माझ्या हातून कोरडी पडली, काकांनी आग विझवली, त्यात त्यांची बोटं भाजली.

सरांनी वाचलं. काकांना लगेच डॉक्टरकडे पाठवलं. मग मला म्हणाले, "महिनाभर एकटीने काम करायचं नाही." एवढंच. काकांना कोणी काही बोललं नाही, पण ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

फ्लास्कमधला पदार्थ वाचला होता. तपासणीत वलय बंद झालेलं दिसलं, फक्त अणूंचा एक गट उलट्या बाजूला बसला होता. म्हणजे रेणू चुकीचा. सोमवारी मी पुन्हा पहिल्या पायरीची काचेची भांडी धुवायला घेतली.