बोर्डावर नसलेले चार महिने

आमच्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या खुर्चीमागे एक लाकडी बोर्ड आहे. ठाण्याचा कारभार ज्यांनी ज्यांनी सांभाळला त्यांची नावं त्यावर पांढऱ्या रंगात रंगवलेली आहेत आणि पुढे ‘पासून’, ‘पर्यंत’. मी त्या ठाण्यात सहा वर्षं होते. त्यातले चार महिने मी त्या खुर्चीत बसले. बोर्डावर मी नाही. माझे चार महिने त्या वेळच्या साहेबांच्या ‘पासून’ आणि ‘पर्यंत’च्या मधे गेले, कारण ते आजारपणाच्या रजेवर होते आणि मी नुसती प्रभारी होते. प्रभारीचं नाव रंगवत नाहीत. पेंटरला तसं सांगावंही लागत नाही, त्याला माहीत असतं.

हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. मग गेल्या वर्षी, मला निवृत्त होऊन सात वर्षं झाल्यावर, ठाण्याच्या आत्ताच्या वरिष्ठांचा फोन आला. ठाणं नव्या इमारतीत जातंय, त्यानिमित्त स्मरणिका काढायची आहे आणि आजवरच्या सगळ्या वरिष्ठांची कारकीर्द त्यात हवी आहे. ‘‘मॅडम, तुमचं मराठी चांगलंय आणि तुम्हाला टाइम पण आहे,’’ असं ते म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, दुसरी जरा जास्तच. मी हो म्हटलं आणि त्याच दमात विचारलं, प्रभारींना घ्यायचं का. ते घुटमळले. ते चार महिने कागदावर त्या साहेबांचे आहेत, म्हणाले, त्यांनी सांगितलं किंवा काही पुरावा असला तर घालू, आपल्या मनाने नको. वयाने लहान माणूस, पण बोलणं नियमाला धरून होतं. मला धड रागावताही आलं नाही.

मी एकटी राहते. वरळीच्या बीडीडी चाळीत एकशेसाठ फुटांच्या खोलीत आम्ही सात जण होतो. आता त्या खोलीच्या बदल्यात मिळालेल्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर मी एक. चाळीत दार लावलं की लोक विचारायचे, कोण आजारी आहे का. इथे दार उघडं राहिलं तर वॉचमन विचारायला येतो. भाऊ बदलापूरला गेला. लग्न राहून गेलं. ते नोकरीमुळे राहिलं असं मी पूर्वी सांगायचे, आता तेही कुणी विचारत नाही.

तर मी वही घेऊन साहेबलोकांची दारं वाजवू लागले. हयात होते सहा जण. प्रश्न ठरलेले होते. जन्म, शिक्षण, भरती, नेमणुका, बक्षिसं. गिरगावातले एक साहेब हवालदाराचे चिरंजीव, वडिलांनी ज्या ठाण्याच्या दारात पहारा दिला तिथेच वरिष्ठ होऊन बसलेले. दुसरे आधी साताऱ्याकडे शाळामास्तर होते, मग परीक्षा देऊन फौजदार झाले. अजूनही दर वाक्यानंतर थांबून आपल्याला कळलं का ते बघतात. तिसरे कबड्डीच्या जोरावर भरती झालेले, त्यांचे दोन्ही गुडघे आता कामातून गेलेत आणि ते दाराशी यायला इतका वेळ लावतात की मी दुसऱ्यांदा बेल वाजवायची नाही असं ठरवून टाकलं. नेमणुका प्रत्येकाला तोंडपाठ. पण मी वर्षांची बेरीज केली की दोन-तीन वर्षं कुठेतरी गळालेली असायची. ती साइड ब्रँचची असायची, जिथे माणसाला नुसतं बसवून ठेवतात, नाहीतर निलंबनाची. मी खोदून विचारलं नाही. माझीही आहेत तशी दोन वर्षं.

सगळ्यांकडे एक गोष्ट सारखी होती. मी उठले की म्हणायचे, बसा हो, चहा येतोय. चहा होऊन गेलेला असायचा.

ज्यांच्या रजेत मी प्रभारी होते त्या साहेबांकडे मी मुद्दाम शेवटी गेले. त्यांनी एक ‘हो’ म्हटलं की माझं नाव छापून येणार होतं. महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या, खात्याच्या परीक्षा देत देत वर आलेल्या गिरणी कामगाराच्या मुलीने ते ठाणं चालवलं होतं, एवढं एका ओळीत कुठेतरी राहावं असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. लाजायचं कशाला.

त्या रजेच्या वेळी साहेबांची बायपास झाली होती आणि जखम भरेना म्हणून हॉस्पिटलातला मुक्काम लांबला होता. चार्ज देताना ते म्हणाले होते, येऊन सांगत जा. म्हणून मी रोज संध्याकाळी त्यांच्या खाटेशी स्टुलावर बसून दिवसभराचा रिपोर्ट द्यायचे. त्यांना बोलायची मनाई होती. ते डोळे मिटून पडलेले असायचे. पुष्कळदा वाटायचं, झोपलेत. तरी मी बोलायचे. आधी ठाण्याचं बोलायचे, मग हळूहळू माझंही. माझी आई त्याच वर्षी गेली होती आणि घरी दिवस कसा गेला हे विचारणारं कुणी उरलं नव्हतं. झोपलेल्या माणसाला का होईना, सांगायला मिळायचं.

चार्ज घेऊन तीन आठवडे झाले असतील, तेव्हा लालबागकडच्या एका जुन्या चाळीच्या भिंतीला दुपारी मोठी भेग पडली. मी जाऊन पाहिलं तर भेगेतून माती गळत होती. बेचाळीस खोल्या. लोक बाहेर यायला तयार नव्हते. एकदा खोली सोडली की खोली गेली, हे गिरणगावात लहान पोरालाही ठाऊक असतं. मी तसल्याच खोलीत वाढलेली, त्यांच्यावर ओरडू कोणत्या तोंडाने? मग मी ठाण्यातून गोल शिक्का मागवला, समोरच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसले आणि खोलीगणिक चिठ्ठी लिहायला घेतली. ‘खोली क्रमांक अमुक, माणसं इतकी, पोलिसांनी सुरक्षेसाठी बाहेर काढली. खोलीवरील हक्क कायम.’ खाली सही, शिक्का. ते शेवटचं वाक्य लिहायचा मला काडीचा अधिकार नव्हता. पण चिठ्ठी हातात पडली की माणसं गॅस बंद करून, म्हाताऱ्यांना धरून बाहेर यायची.

पाचपर्यंत चाळ रिकामी झाली. आणि मग तासभर काहीच झालं नाही. चाळ उभीच. लोक कुजबुजायला लागले, कुणी तरी हसलं. मी बाजूच्या गल्लीत गेले, व्हॅनच्या आडोशाला उभी राहिले. खोट्या चिठ्ठ्या वाटल्या म्हणून चौकशी लागेल, बाई घाबरली म्हणून वरचे हसतील, हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी मनात म्हटलं, पडू दे ही चाळ. बेचाळीस घरांचे संसार आत होते आणि मी पडू दे म्हटलं. सव्वासहाला मागची अख्खी बाजू खाली बसली. आत कुणी नव्हतं. बायका रस्त्यावर बसून रडत होत्या आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं, तेही सांगितलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. त्यानंतर आजवर ते मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

साहेब आता दादरला राहतात. त्यांच्या पत्नी गेल्या, मुलगी परदेशात. सांभाळायला ठेवलेल्या मावशींनी दार उघडलं. साहेबांनी मला ओळखलं ते ‘आमच्या ठाण्यातल्या लेडी ऑफिसर’ एवढंच. नेमणुका त्यांनीही खडाखडा सांगितल्या. मग मी विषय काढला की आपल्या ठाण्यात असताना आपण चार महिने रजेवर होतात. त्यांनी मान हलवली. छे, त्या वर्षी कसली रजा, म्हणाले, त्या वर्षी तर ती चाळ पडली.

आणि ते सांगायला लागले. पिठाच्या गिरणीचा ओटा, गोल शिक्का, बेचाळीस खोल्या. सतरा नंबरच्या आजी देव्हारा सोडून येईनात म्हणून देव्हाऱ्यासकट उचलून आणलं, हेसुद्धा. चिठ्ठ्या म्हणे त्यांनीच लिहिल्या होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वही मिटून उठावं, तोंडावर सांगावं की साहेब, तुम्ही तेव्हा नाकात नळी घालून पडला होतात. मी तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात मावशी आत गेल्या आणि साहेब पुढे वाकले. आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘मॅडम, एक सांगू? हे तुम्ही लिहू नका. माझ्या मनात आलं होतं, पडू दे ही चाळ. लोकांचे संसार होते हो आत. अजून ते माझ्या मनातून जात नाही.’’

मी तोंड मिटलं. तेव्हा खाटेवर ते झोपलेले नव्हते तर. एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. माझं चोरलं म्हणावं तर त्यांनी त्यातलं वाईटही सोडलं नव्हतं, तेही स्वतःच्याच अंगावर घेतलं होतं. निघताना मावशी म्हणाल्या, ही चाळीची गोष्ट रोज असते, मला पाठ झालीय. मी घरी आले आणि दोन आठवडे वही उघडली नाही.

मग करी रोडला गेले. त्या चाळीतल्या एक बाई तिथल्या टॉवरमध्ये राहतात, पौर्णिमेला विहारात आमचा कधीमधी जय भीम होतो. चिठ्ठी आहे का म्हणून विचारलं तर त्यांनी कपाटातून फाइल काढली. रेशनकार्ड, लाइटबिलं आणि मधे लॅमिनेट केलेली ती चिठ्ठी. नव्या घराची पात्रता ठरवताना त्यांनी सगळ्यात आधी हाच कागद पुढे केला होता. तो कागद टिकला का, मी विचारलं. तो बघून ऑफिसातले साहेबलोक हसले, पण बाकीचे कागद बघायला तर बसले, असं त्या म्हणाल्या. खाली माझी सही होती आणि सहीखाली मीच लिहिलेला ‘प्रभारी’ हा शब्द. मी फोटो काढून ठाण्यात पाठवला. वरिष्ठांनी लगेच कळवलं, मग प्रश्नच नाही मॅडम, घाला.

घातलं. साहेबांना सात ओळी दिल्या, त्यात चाळ नाही. मला चार ओळी, त्यात चाळ आहे. मी ते केलं होतं. दुसऱ्याचा जीव रमतो म्हणून आपलं काम देऊन टाकणं मला जमलं नाही आणि जमायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही.

स्मरणिका छापून आल्यावर मी स्वतः एक प्रत घेऊन दादरला गेले. पोस्टाने पाठवता आली असती, तसं करायची लाज वाटली. साहेबांनी भिंग लावून आधी स्वतःचं पान वाचलं. मग पानं उलटत राहिले, माझ्यापाशी थांबले. ते त्यांनी दोनदा वाचलं. भिंग खाली ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

‘‘काम चांगलं केलंत,’’ ते म्हणाले. मग विचारलं, ‘‘मी कुठे होतो तेव्हा?’’

‘‘हॉस्पिटलात होतात, साहेब. मी रोज संध्याकाळी येऊन तुम्हाला सांगायचे. तुम्ही ऐकायचात.’’

ते खिडकीकडे बघत बसले. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस संध्याकाळी मावशींना काय सांगणार? मी त्यांच्याकडून ते नेलं होतं आणि घरी नेऊन तरी कुणाला दाखवणार होते?

‘‘आणि पडू दे म्हटलं, ते कोण?’’

‘‘मी, साहेब.’’

त्यांनी हळूहळू मान हलवली. बरं झालं सांगितलंत, म्हणाले. चेहरा मोकळा झाला की रिकामा झाला, ते मला कळलं नाही. मावशींनी चहा आणून ठेवला, आम्ही तो घेतला. आता उठावं म्हणून मी पर्स हातात घेतली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान मागे टेकवली आणि विचारलं, ‘‘आज काय झालं?’’

मी आठवायला लागले. सांगण्यासारखं काही सापडेना. सकाळी उठले, चहा केला, झाडांना पाणी घातलं, बस पकडली, इथे आले. एवढाच दिवस होता. मी तोच सांगितला.

‘‘बसायला जागा मिळाली?’’ डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

मिळाली, मी म्हटलं. खिडकीजवळची.