वाडीच्या विहिरीचं पाणी

लिंबू-मिरची मी लोणच्यासाठी आणते, दाराला टांगायला नाही. मासिकाच्या या अनुभवांच्या सदरात लोक पांढऱ्या साड्या आणि पैंजणांचे आवाज लिहून पाठवतात, ते वाचून मला हसू येतं... तरी हे लिहिते आहे, कारण जे घडलं ते भर दुपारी, माझ्या स्वतःच्या स्टोव्हवर घडलं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. नागपूरबाहेर अमरावती रोडवरच्या वाडीत ट्रान्सपोर्टची गोदामं वाढत होती. माझे यजमान त्यातल्याच एका गोदामात मुकादम. घरामागे ओळीने खोल्या बांधून आम्ही भाड्याने दिल्या होत्या. भाडेकरू सगळे यजमानांच्याच गावचे, नागपूरच्या दुसऱ्या बाजूला मौद्याच्या पलीकडचे. आधी एक जण हमालीला आला, त्याने भावाला बोलावलं, भावाने मेहुण्याला... बघता बघता गाव ओस पडलं. आणि हीच मंडळी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून गावासाठी गळे काढायची!

"काय पाणी होतं बापा आपल्या विहिरीचं! एका उकळीत डाळ शिजे."

गावाकडे सणालाही कोणी फिरकत नसे, पण "म्हातारपणी गावालेच जाऊ" हे मात्र पक्कं. मी नागपूरच्या महालात वाढलेली. मला या रडगाण्याचा तिटकारा होता. आलात ना गाव सोडून? मग विषय संपला.

गावात उरले होते फक्त माझे सासरे — मामाजी. गरज असो-नसो, रोज सकाळी गावविहिरीचं पाणी उपसायचे आणि मातीत ओतून द्यायचे. एकदा मी विचारलंच, हा काय उद्योग?

"उपसली नाही तं विहीर राहत नाही वं. ज्याले पाणी लागते त्याच्याकडे निघून जाते."

"मामाजी, विहिरीला पाय नसतात."

"गावाले तरी कुठी होते?" म्हणाले.

दिवाळीच्या सुमारास ते विहिरीपाशीच घसरून पडले. यजमान त्यांना ट्रकमध्ये घालून वाडीला घेऊन आले.

वाडीतल्या आमच्या विहिरीचं पाणी जड, खारट. डाळ कितीही उकळा, दाणा वेगळाच. सोडा टाकून पाहिला, तोही वाया.

"हे वरण आहे का गिट्टी?" मामाजी ताट सरकवायचे. "मले गावाले नेऊन दे."

"तिथे कोण शिजवून घालणार आहे?"

"पाणी तं आहे नं तिथं!"

हळूहळू त्यांनी जेवणच सोडलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर म्हातारा उठायचा नाही. यजमान माझ्यावर चिडत, जणू ती विहीर मीच खारट खोदली होती. शेवटी ठरलं — गावी नेऊन सोडायचं, मग जे व्हायचं ते होईल.

त्याच आठवड्यातली दुपार. डाळ चढवून मी कपडे वाळत घालायला गेले. परत येते तो डाळ पार विरघळून भांड्याला लागलेली! कळशीतलं पाणी चाखलं... गोड. विहिरीवर जाऊन दुसरी कळशी भरली. तीही गोड. तेवढ्यात मागच्या खोलीतली बाई ओरडली, "वहिनी, आज साबणाले फेस येऊन राहिला!"

मामाजींनी एक घास घेतला आणि थांबले. आनंद वगैरे काही नाही. मुलाला म्हणाले, "जा. आपली विहीर पाहून ये."

यजमान दुसऱ्या दिवशी गेले. संध्याकाळी परतले ते गावच्या विहिरीचा दोर हातात घेऊन.

"तळ दिसून राहिला, बाबा. ठणठणीत कोरडी."

पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते. गावाच्या आजूबाजूच्या शेतांतल्या विहिरी काठोकाठ होत्या.

भाडेकरूंनी लगेच आमच्या विहिरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडले. मी ते उचलून चटणी केली. मग तक्रार सुरू. "बुढ्यानं विहीर इकडे आणली, वहिनी. आता म्हातारपणी आम्ही कुठी जावं?"

"ती तिथे होती तेव्हा तुमच्यापैकी कोण एक बादली काढायला गेला होता?" मी विचारलं. दुसऱ्या दिवशी हेच लोक कळशा घेऊन रांगेत पहिले!

ओळखीचे एक भूगर्भशास्त्र शिकलेले गृहस्थ म्हणाले, जमिनीखालचे प्रवाह बदलतात. मी म्हटलं, मौद्यापलीकडून वाडीपर्यंत? मध्ये अख्खं नागपूर आहे! त्यावर ते म्हणाले, चहा छान झालाय.

मामाजी जेवू लागले, हिंडू-फिरू लागले. गावाचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही. मीच एकदा विचारलं, जायचं का?

"कशाले?" म्हणाले. "आता तिथं वाट पाहाले कोणी नाही."

शेवटपर्यंत ते आमच्या विहिरीतून रोज एक बादली काढून मातीत ओतत राहिले.

आता घरात नळ आला आहे. त्या भाडेकरूंची पोरं पुण्या-मुंबईकडे निघाली आहेत. माझा मुलगाही भिलईच्या नोकरीचं म्हणतो आहे. मी सांगितलं, जा, पण मागाहून रडायचं नाही. त्या डाळीचं कारण मला आजही ठाऊक नाही, आणि कोणी देवीचा कोप वगैरे लिहून कळवायचे कष्ट घेऊ नयेत.

विहिरीतून रोज सकाळी एक बादली मी काढते. गाळ साचू नये म्हणून. दुसरं काही नाही.