मार्तिनाची बातमी आणि मशिदीचा भोंगा

तर कासदीम्बाह माईकपुढे मांडी ठोकून बसलेले, आणि दारात रोफिक मास्तर आडवा उभा. पहाटेची नमाज नुकतीच उरकलेली. खालच्या आळीतली टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणारी मार्तिना तासाभरापूर्वी गेली होती. ती ख्रिस्ती. आणि जावातल्या त्या गावात मशिदीच्या भोंग्यावरून मयत सांगितल्याशिवाय कोणी कुदळीला हात लावत नसे. सांगण्याआधीच खणायला जाणं म्हणजे जित्या माणसाला मारणं, अशी समजूत. भोंगा गप्प राहिला, तर तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याने एकट्यानेच खड्डा खणायचा का?

म्बाह म्हणजे आजोबा. सारं गाव त्यांना तसंच म्हणे. चाळीस वर्षं त्यांनी मशीद झाडली, नगारा बडवला, हरवलेल्या चपला ज्याच्या त्याला पोचवल्या. उरलेल्या विजोड चपला स्वतः घातल्या. डाव्या पायात निळी, उजव्यात तपकिरी.

रोफिक पोरांना कुराण शिकवायचा. माणूस सरळ, पण भित्रा. भोंगा बसवल्यापासून ख्रिस्ती घरातलं हे पहिलंच मयत, नवा पायंडा नको, शहरातल्या मौलवींना विचारू, असं त्याचं चाललेलं.

"विचार की," म्बाह म्हणाले. "पण ऊन काही थांबायचं नाही. तीस वर्षं रमजानात रोजा सोडायला तिच्या टेंपेची परडी यायची. तू दोन-दोन तुकडे खिशात लपवायचास. तेव्हा कोणाला विचारलंस?"

"मी कधी लपवले?"

"तुझी आई सांगायची. सदऱ्याचे तेलकट डाग धुऊन धुऊन दमायची बिचारी."

तेवढ्यात बाहेर हशा पिकला. दोघांनी डोकावून पाहिलं. भोंग्याचं यंत्र जुनं, तापायला वेळ घेई, म्हणून म्बाह बटण आधीच दाबून ठेवत आणि मग विसरत. अख्ख्या गावाने सगळं ऐकलं होतं. पुरुष कुदळी घेऊन आणि बाया तांदळाच्या टोपल्या घेऊन खालच्या आळीकडे निघालेल्या.

म्बाहंनी तरी खाकरून रीतसर नाव सांगितलं, घर सांगितलं, दफनाची वेळ सांगितली. रोफिक कानाच्या पाळीपर्यंत लाल. मग त्याने कोपऱ्यातलं मशिदीचं फावडं उचललं आणि म्बाहंच्या मागून चालू लागला. वाटेत न राहवून त्याने विचारलं, उद्या एखाद्या हिंदूच्या घरी कोणी वारलं, तर तेही भोंग्यावरून सांगणार का?

"सांगेन की. तू फक्त घर कुठलं ते नीट विचारून ये, लोकांना हेलपाटा नको."