मावशींचं मोकळं नाक
ब्लाउज शिवणाऱ्या मावशींचा स्वभाव भारी संशयी. वर्षानुवर्षं चोंदलेलं त्यांचं नाक हल्ली दुकानातून घरी आल्यावर मोकळं व्हायचं.

"चहात काय घालतेस गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"काही नाही, आई."

मावशींनी चहा सोडला, तरी नाक मोकळंच. मग इमारतीची इतके दिवस बंद पडलेली लिफ्ट सुरू झाली आणि नाक पुन्हा चोंदलं. सुनेवरचा संशय आणखी बळावला.

सुनेने त्यांना मुद्दाम जिन्याने नेलं. तिसऱ्या मजल्यावर मावशी धापा टाकत थांबल्या, तर नाकातून श्वास सुळकन आत गेला.

"दम लागला की नाकातली सूज थोडा वेळ उतरते. डॉक्टरांनी कालच सांगितलं," सून म्हणाली.

"कालच?" मावशींनी डोळे बारीक केले.

पटलं नाहीच, पण दुसऱ्या दिवशीही त्या जिन्याकडेच वळल्या.