करकोच्यांची किल्ली

तुंगार्लीच्या बंगल्यात ते घड्याळ येईपर्यंत हौशीरामचं वेळेवाचून काहीच अडलं नव्हतं. टाकव्याचा हा गडी बंगल्याचा माळी, रखवालदार आणि मालक पुण्यात असताना जवळजवळ मालकच. दुपारची मेल घाटात शिट्टी देत शिरली की भाकरी खायची, संध्याकाळची गाडी आली की फाटक लावायचं. गाडीला उशीर झाला तर त्याची भूकही तेवढ्याच उशिरा लागे. तक्रार दोघांचीही नसे.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात मालकांनी, वकील चिंतामणरावांनी, मुंबईहून ते नवंकोरं विलायती घड्याळ आणलं. हिरव्या दगडाच्या बैठकीवर दोन पितळी करकोचे, आणि त्यांनी पंखांत तोलून धरलेली तबकडी. मागं काचेचं इवलंसं दार. त्यातून आतली सगळी चाकं दिसत. सगळ्यात धाकटं चाक लग्नघरातल्या करवलीसारखं उगाच लगबग करी. त्यांच्या पत्नी इंदिराबाईंनी किल्ली हौशीरामच्या हातावर ठेवली. दर रविवारी बारा फेरे द्यायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं बजावलं.

त्यानं किल्ली करदोट्याला बांधली आणि त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. फाटकात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे की आज मेलनं सात मिनिटं खाल्ली. बायकोचं, कस्तुराबाईचं, म्हणणं एवढंच होतं की वीस वर्षं भाकरी थापणारीकडं या माणसानं आठवड्यातून एकदा तरी असं निरखून बघायला हवं होतं.

मग खंडेनवमी आली. हौशीरामनं कोयता, खुरपं, कुदळ, पहार धुऊन, तेल चोपडून ओळीनं मांडली. कामाच्या हत्याराला त्या दिवशी सुट्टी. आणि दिवाणखान्यात बिचारं घड्याळ एकटंच राबत होतं! उन्हाळ्यापासून अखंड काम करणाऱ्याला तेलाचा थेंब नाही, कुंकवाचं बोट नाही, हे त्याला बघवेना. त्यानं मागचं दार उघडलं, सगळ्या चाकांना खुरासणीचं तेल पाजलं, मोठ्या चाकाला कुंकू लावलं आणि करकोच्यांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. अशी थाटाची पूजा विलायतेत कुणी केली नसेल.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी घड्याळातली करवली थबकली. त्याला वाटलं, भुकेजली असेल. त्यानं किल्ली दिली. दोन फेऱ्यांतच ती घट्ट झाली. त्यानं करकोचे पुसले, झेंडूची पाकळी न् पाकळी वेचली. आतलं तेल मात्र कुंकवात कालवलं जाऊन चिकट झालं होतं. तिथं त्याची जाडजूड बोटं पोचेनात.

दिवाळीला इंदिराबाई साफसफाईसाठी एक दिवस आधी आल्या. मागच्या काचेतून त्यांना कुंकू दिसलं. त्यांनी हौशीरामकडं पाहिलं, आणि घड्याळाची पाठ भिंतीला लावली.

दुसऱ्या दिवशी साहेब पाहुणे घेऊन आले. घड्याळ बंद, हौशीरामकडची किल्ली लावली तर हलेना. त्यांनी पाहुण्यांदेखत बायकोला विचारलं, "कालपासून तू इथं आहेस. जास्त पिळलीस ना?"

"असेल," इंदिराबाई म्हणाल्या.

हौशीराम चहाचा ट्रे धरून दारातच उभा होता. तोंड उघडलं की करदोट्याची किल्ली गेली, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं सगळ्यांना चहा दिला.

पुढं दर दिवाळीला साहेब पाहुण्यांना सांगत की विलायतेचे कारागीर हरले ते आमच्या हिच्या मनगटापुढं. पाहुणे हसत, बाईही हसत. घड्याळ दुरुस्तीला न्यायचं दरवर्षी ठरे आणि राहून जाई; चालू झालं असतं तर साहेबांचा विनोद बंद पडला असता. हौशीरामही दरवर्षी बोलायचं ठरवी. एकदा वाफ्यापाशी त्यानं सुरुवातही केली, "बाईसाहेब, त्ये घड्याळ..." बाई म्हणाल्या, "वांगी छान धरलीत यंदा." त्याला इतकं हायसं वाटलं, की नंतर त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

त्रेचाळीसच्या दिवाळीला साहेब एकटेच आले. इंदिराबाई श्रावणात पुण्यात वारल्या होत्या. दिवाणखान्यात बसल्या बसल्या सवयीनं साहेब म्हणाले, "आमच्या हिचं मनगट..." आणि थांबले. हसायला कुणी नव्हतं.

हौशीरामनं करदोट्याची किल्ली सोडून त्यांच्यापुढं ठेवली. "सायेब, बाईसाबांनी हात बी लावला न्हवता. मीच त्याल घातलं. खंडेनवमीला."

साहेबांनी उठून घड्याळ फिरवलं. काचेआड कुंकू होतं, काळपट झालेलं.

"तिला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग ती असताना का नाही बोललास?"

हौशीरामची नजर किल्लीवर गेली. साहेबांनी किल्ली हातात घेतली, न्याहाळली आणि करकोच्यांच्या पायाशी ठेवून दिली.

"किती वाजले रे?" त्यांनी विचारलं.

हौशीरामनं घाटाकडं कान दिला.

"मेल अजून जायची हाय, सायेब."