माधुरीचं कोडिंग सोमवारपासून बंद

माझी बहीण माधुरी सोमवारपासून कोड लिहिणार नाही, ग्राहकांचे फोन घेणार आहे. तिच्या मॅनेजरनी आज दुपारी तसं पक्कं सांगितलं.

माधुरीला दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, कानाला लावून ती वर्षानुवर्षं प्रोग्रामिंग करते. यंदा कंपनीने कोड लिहायचं नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यात तिचा स्क्रीन रीडर गप्पच झाला. तिने स्वतः एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून त्याला बोलतं केलं. पण प्रत्येक अपडेटला ती स्क्रिप्ट बंद पडते. आज सकाळी पुन्हा पडली.

"मॅडम, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाहीच," मॅनेजर फोनवर म्हणाले, "पण टीम किती थांबणार?"

"माझ्यामुळे उशीर झालेलं एक काम सांगा."

"फोनचं काम तुम्हाला सोपं जाईल," एवढंच ते म्हणाले.

फोन ठेवून ती पुन्हा स्क्रिप्ट दुरुस्त करायला बसली. "आता कशाला गं?" मी विचारलं.

"अरे दादा, नागपूरची एक मुलगी हीच स्क्रिप्ट वापरते. तिचं कोडिंग चालू आहे ना अजून."

संध्याकाळी स्क्रिप्ट चालू झाली. माधुरीने ती नागपूरला पाठवली, हेडफोन काढले आणि मग रडली.

तुमच्यापैकी कुणी असं सॉफ्टवेअर बनवत असाल, तर अपडेट पाठवण्याआधी एकदा डोळे मिटून ते वापरून बघाल का?

पुढचं अपडेट महिन्याभरात येणार आहे. स्क्रिप्ट पुन्हा बंद पडेल, आणि नागपूरची ती मुलगी माधुरीलाच विचारेल.